‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ : एका लहानशा उपपदाचा धडा



आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने एखादा ऐतिहासिक विषय निवडावा, असे प्रथम मनात आले. परंतु इतिहासाबरोबर इंग्रजीचे तासही माझ्याकडे अनेक वर्षे आहेत आणि वह्या तपासताना एक चूक मी सातत्याने पाहत आलो आहे. ‘माय फादर इज फार्मर.’ ‘आय अ‍ॅम स्टुडंट.’ शब्द बरोबर, क्रियापद बरोबर, स्पेलिंगही बरोबर. मात्र मधले एकाक्षरी उपपद गळालेले. म्हणून या वेळी इतिहास बाजूला ठेवून त्या एका अक्षराविषयीच लिहावे, असे ठरविले.

या चुकीशी माझे स्वतःचेही जुने नाते आहे. एम. ए. चा निकाल हाती आल्यानंतर मी एका नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. वडील काय करतात, असे इंग्रजीत विचारण्यात आले. मी उत्तर दिले, ‘माय फादर इज लेबरर.’ समोरच्यांपैकी एकाने माझे वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणून दाखविले आणि शेजारचे हसले. परतीच्या एस. टी.त रात्रभर माझ्या मनात एकच विचार होता : हे लोक माझ्या वडिलांच्या मजुरीला हसले. वाक्यात ‘अ’ राहून गेला होता, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी, स्वतः शिकवू लागल्यावर उमगले. ते नेमके कशाला हसले, हे मी आजही सांगू शकत नाही. पण नियम ठाऊक असता, तर त्या दिवशी माझ्या वाक्यात हसण्यासारखे काही उरले नसते आणि त्यानंतरही कोणी हसले असते, तर ते कशाला हसतात हे मला तेथेच कळले असते. व्याकरण शिकायचे ते यासाठी.

१. आपल्या भाषेत ‘एक’ कुठे येतो?

मराठीत इंग्रजीसारखे उपपद नाही. आपण रोज वंदनेत ज्या पालीचा उच्चार करतो, तिच्यातही नाही. परंतु उपपद नसले, तरी उपपदाचे काम या भाषांना ठाऊक आहे. पाली सुत्तांत ‘अञ्ञतरो भिक्खु’ असा प्रयोग वारंवार आढळतो. त्याचा अर्थ ‘कोणी एक भिक्खू’. मराठीत गोष्ट सांगताना आपण म्हणतो, ‘एका गावात एक शेतकरी राहत होता. त्या शेतकऱ्याला दोन मुलगे होते.’ पहिल्या वाक्यात श्रोत्याला शेतकरी अपरिचित आहे, म्हणून ‘एक’. दुसऱ्या वाक्यात त्याची ओळख झाली, म्हणून ‘त्या’. इंग्रजीतही हेच घडते : प्रथम ‘अ फार्मर’, नंतर ‘द फार्मर’. आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. ‘देअर इज अ लेक अ‍ॅट लोणार. द लेक लाइज इन अ क्रेटर.’ सरोवराचा उल्लेख पहिल्यांदा आला तेव्हा ‘अ लेक’, दुसऱ्यांदा ‘द लेक’. आणि विवर प्रथमच आले, म्हणून ‘अ क्रेटर’.

याचा अर्थ, अर्धा नियम आईच्या मांडीवर गोष्ट ऐकतानाच आपण शिकलो आहोत. मात्र या ‘एक’चे भाषांतर ‘वन’ असे करू नये. ‘इन वन व्हिलेज देअर वॉज वन फार्मर’ हे मराठी कानाला गोड लागते, इंग्रजी कानाला खटकते. ‘वन’ हा आकडा आहे. दोन नव्हे, तीन नव्हे, एकच, असे मोजून सांगायचे असेल तेव्हाच तो वापरावा.

२. ‘अ’ कुठे हवाच?

अडचण उरलेल्या अर्ध्या नियमात आहे. ‘माझे वडील शेतकरी आहेत’ या वाक्यात मराठी माणूस ‘एक’ घालत नाही. ‘माझे वडील एक शेतकरी आहेत’ असे आपण घरी कधी बोलत नाही. इंग्रजीत मात्र ‘माय फादर इज अ फार्मर’ असेच म्हणावे लागते. मराठीत जेथे ‘एक’ नाही, तेथे इंग्रजीत ‘अ’ आहे. आपला पाय घसरतो तो नेमका येथे.

नियम असा लक्षात ठेवावा : मोजता येणारे, एकवचनी सामान्यनाम इंग्रजी वाक्यात सहसा एकटे उभे राहत नाही. त्याच्यापुढे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांपैकी काहीतरी असतेच. ‘बाय बस’, ‘अ‍ॅट स्कूल’ असे काही रूढ प्रयोग तेवढे अपवाद. म्हणून व्यवसाय सांगताना ‘अ नर्स’, ‘अ ड्रायव्हर’, ‘अ‍ॅन इलेक्ट्रिशियन’ असे म्हणावे. अनेकवचन झाले की ‘अ’ निघून जातो : ‘दे आर फार्मर्स.’

‘अ’चा आणखी एक उपयोग ध्यानात असावा. आपण ‘ताशी’, ‘दररोज’, ‘किलोमागे’ म्हणतो, तेथे इंग्रजी ‘अ’ वापरते : दिवसातून दोनदा म्हणजे ‘ट्वाइस अ डे’, ताशी साठ किलोमीटर म्हणजे ‘सिक्स्टी किलोमीटर्स अ‍ॅन अवर’.

वाचताना हे उपपद ‘ए’ असे ठासून उच्चारू नये. ‘ए बुक’ नव्हे, ‘अ बुक’. अक्षराचे नाव ‘ए’. उपपदाचा नेहमीचा उच्चार हलका ‘अ’.

३. ‘अ’ की ‘अ‍ॅन’?

येथे इतिहासाची थोडी मदत घेऊ. प्राचीन इंग्रजीत ‘एक’ या संख्येसाठी जो शब्द होता, त्यातूनच आजचा ‘वन’ आणि आजचा ‘अ‍ॅन’ असे दोन्ही शब्द निघाले. म्हणजे ‘अ‍ॅन’ हे मूळ रूप आणि ‘अ’ हे त्याचे झिजलेले रूप होय. व्यंजनापुढे ‘न’ उच्चारणे जड जाते, म्हणून तो गळाला. स्वरापुढे दोन स्वरांचा सांधा जोडण्यासाठी तो टिकला. या ‘न’ने कधी कधी शब्दांची मोडतोडही केली. आज आपण ज्याला ‘अ‍ॅप्रन’ म्हणतो, तो शब्द मुळात ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता ‘न’ उपपदाकडे गेला आणि ‘अ‍ॅन अ‍ॅप्रन’ झाले.

हे चमत्कारिक वाटेल, पण असाच नियम आपण रोज पाळतो. संस्कृत आणि पालीत नकार दाखविणारा उपसर्ग व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ असा येतो. अ अधिक ज्ञान, अज्ञान; परंतु अन् अधिक आदर, अनादर. अ अधिक न्याय, अन्याय. परंतु अन् अधिक उचित, अनुचित. तुम्हा सर्वांना परिचित असलेले दोन धम्मशब्द पाहा. ‘अनिच्च’ म्हणजे अ अधिक निच्च. ‘अनत्ता’ म्हणजे अन् अधिक अत्ता. या उपसर्गाचा अर्थ ‘नाही’ आणि इंग्रजी उपपदाचा अर्थ ‘एक’. अर्थाने त्यांचा काही संबंध नाही. पण जिभेची सोय दोन्हीकडे एकच आहे. ज्याला अनिच्च आणि अनत्ता यांची फोड करता येते, त्याने ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ला भिण्याचे कारण नाही.

पुस्तकांत ‘ए, ई, आय, ओ, यू यांच्यापूर्वी अ‍ॅन’ असा नियम सांगतात आणि मुले फसतात ती त्यामुळेच. नियम लिहिलेल्या अक्षराचा नाही, ऐकू येणाऱ्या ध्वनीचा आहे. यावर आपल्यापाशी एक उत्तम साधन आहे : आपली देवनागरी. ती बहुतांशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. म्हणून इंग्रजी शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहावा. आरंभी स्वर आला, तर ‘अ‍ॅन’; व्यंजन आले, तर ‘अ’.

अवर, ऑनेस्ट, ऑनर यांत इंग्रजी ‘एच’ मूक आहे. देवनागरीत स्वर आला, म्हणून ‘अ‍ॅन अवर’, ‘अ‍ॅन ऑनेस्ट मॅन’. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन यांच्या आरंभी आपण ‘य’ लिहितो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ युनिफॉर्म’. ‘वन-वे रोड’मध्ये ‘व’ आहे, म्हणून ‘अ वन-वे रोड’. हॉस्टेलचा ‘ह’ स्पष्ट ऐकू येतो, म्हणून ‘अ हॉस्टेल’. सिंदखेड राजाविषयी लिहिताना ‘अ हिस्टॉरिक टाउन’ लिहावे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘अ‍ॅन हिस्टॉरिक’ आढळते, पण परीक्षेत त्याच्या वाटेला जाऊ नये.

मात्र एक सावधगिरी हवी. आपल्या वऱ्हाडी बोलीत आरंभीचा ‘ए’ पुष्कळदा ‘ये’ होतो. आपण ‘येक’ म्हणतो, खेड्यापाड्यांत एस. टी. ‘यष्टी’ होते. ‘यष्टी’ लिहून नियम लावाल, तर ‘अ’ येईल आणि चुकेल. बोलीत कमीपणा नाही. ती आपल्या आजीची भाषा आहे. फक्त ही कसोटी लावताना इंग्रजी शब्दाचा प्रमाण उच्चार घ्यावा : ‘अ‍ॅन एस. टी. बस’.

आणि उपपद ज्याच्या लगेच पुढे उभे आहे, त्याच शब्दाकडे पाहावे. ‘अ‍ॅन अ‍ॅपल’, पण ‘अ रेड अ‍ॅपल’. ‘अ टीचर’, पण ‘अ‍ॅन इंग्लिश टीचर’.

४. पदव्यांतून धडा

संक्षिप्त रूपांत मुले सर्वाधिक गोंधळतात. त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांइतकी चांगली उदाहरणमाला मला दुसरी सापडलेली नाही. मुंबई विद्यापीठाची बी. ए. : ‘अ बी. ए.’ कोलंबिया विद्यापीठाची १९१५ ची एम. ए. : ‘अ‍ॅन एम. ए.’ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ ची एम. एस्सी. : ‘अ‍ॅन एम. एस्सी.’ आणि १९२३ ची डी. एस्सी. : ‘अ डी. एस्सी.’ कोलंबियाची १९२७ ची पीएच. डी. : ‘अ पीएच. डी.’ त्याच विद्यापीठाने १९५२ मध्ये सन्मानपूर्वक दिलेली एल-एल. डी. : ‘अ‍ॅन एल-एल. डी.’ उस्मानिया विद्यापीठाची १९५३ ची डी. लिट. : ‘अ डी. लिट.’

‘मास्टर’ हा शब्द ‘म’ने सुरू होतो, म्हणून ‘अ मास्टर्स डिग्री’. पण ‘एम’ या अक्षराचा उच्चार ‘ए’ने सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन एम. ए.’ इंग्रजी वर्णमालेत स्वरध्वनीने सुरू होणारी अक्षरनावे बारा आहेत : ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. म्हणून ‘अ‍ॅन एस. एस. सी. सर्टिफिकेट’, ‘अ‍ॅन एफ. आय. आर.’, ‘अ‍ॅन एम. पी. एस. सी. कॅन्डिडेट’, पण ‘अ यू. पी. एस. सी. कॅन्डिडेट’, कारण ‘यू’मध्ये ‘य’ आहे.

५. ‘अ’ कुठे चालत नाही?

न मोजता येणाऱ्या नामांपुढे ‘अ’ येत नाही. मराठीत आपण ‘एक बातमी’, ‘एक सल्ला’ म्हणतो. इंग्रजीत ‘अ न्यूज’, ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ चुकीचे ठरते. ‘अ पीस ऑफ न्यूज’ म्हणावे. इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, होमवर्क यांचेही तसेच. खामगावच्या बाजारात कापूस येतो, तो नुसता ‘कॉटन’. मोजला की ‘अ क्विंटल ऑफ कॉटन’.

नुसत्या विशेषणापुढेही ‘अ’ नको. ‘शी इज अ‍ॅन इंटेलिजंट’ हे अपुरे वाक्य आहे. ‘शी इज इंटेलिजंट’ म्हणावे किंवा ‘शी इज अ‍ॅन इंटेलिजंट गर्ल’ असे पूर्ण करावे. ‘इंडियन’ हा शब्द नामही आहे आणि विशेषणही, म्हणून ‘आय अ‍ॅम अ‍ॅन इंडियन’ आणि ‘आय अ‍ॅम इंडियन’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत.

६. अर्थ फिरविणारा ‘अ’

काही ठिकाणी ‘अ’ गळाला, तर अर्थच उलटतो. ‘अ फ्यू पेरेंट्स केम’ म्हणजे काही पालक आले. ‘फ्यू पेरेंट्स केम’ म्हणजे फारसे कोणी आलेच नाही. ‘देअर इज अ लिटल होप’ म्हणजे थोडी का होईना, आशा आहे. ‘देअर इज लिटल होप’ म्हणजे आशा जवळजवळ संपली. रुग्णाच्या नातेवाइकाला या दोन वाक्यांतील अंतर किती मोठे, हे सांगावयास नको.

७. एका शीर्षकातील ‘अ’

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथनपर लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्यातला पहिला प्रसंग १९०१ मधला आहे : वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेली मुले आणि त्यांची जात कळताच गाडीत घ्यावयास तयार नसलेले गाडीवान. व्हिसा परक्या देशात शिरण्यासाठी लागतो. येथे तो स्वतःच्याच देशात हवा आहे. आता त्यातले उपपद पाहा. ‘द व्हिसा’ म्हटले असते, तर कोणता व्हिसा, असा प्रश्न आला असता; ठरलेला, ओळखीचा, कोठेतरी तयार असलेला. ‘अ व्हिसा’ म्हणजे कोणताही, कसलाही, एखादा तरी. तो कोण देणार, कोठे मिळणार, हे ठाऊकच नाही. शीर्षकातली सारी प्रतीक्षा, निदान माझ्या वाचनात, त्या एका अक्षरात आहे.

स्वाध्याय

रिकाम्या जागी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ भरा. काहीच नको असेल, तर फुली मारा.
१) ही इज — ऑनेस्ट ऑफिसर.
२) शी वेअर्स — युनिफॉर्म.
३) वी ट्रॅव्हल्ड बाय — बस.
४) माय सिस्टर इज — एम. एस्सी.
५) गिव्ह मी सम — इन्फर्मेशन.
६) बुलढाणा हॅज — ओल्ड लायब्ररी.
७) ही इज — एट-इयर-ओल्ड बॉय.
८) माय मदर इज — हार्ड-वर्किंग वूमन.

उत्तरे : १) अ‍ॅन २) अ ३) फुली ४) अ‍ॅन ५) फुली ६) अ‍ॅन ७) अ‍ॅन ८) अ.

आठही बरोबर आली, तर हा लेख दुसऱ्या मित्राला समजावून सांगा. चुकली, तर तो भाग पुन्हा वाचा. चुकण्यात लाज नाही. कोणी हसले, तर त्याला विचारा, ‘माझे काय चुकले, ते सांगा.’ मी त्या दिवशी हे विचारू शकलो नाही. तुम्ही विचारा.

माझे वडील आज हयात नाहीत. उपपदांचा धडा सुरू करताना मी फळ्यावर पहिले उदाहरण दरवर्षी तेच लिहितो : ‘माय फादर वॉज अ लेबरर.’ मग ‘अ’ला गोल करतो आणि वर्गाकडे वळतो.