नवा राउटर : आता की नंतर?

मुलांनो, पूर्वी घरात रेडिओ आला की तो वीस-वीस वर्षे चालत असे. आजच्या वस्तूंचे तसे नाही. वस्तू चालू असते, तरी बाजारात नवी आली की ती जुनी वाटू लागते. घरातला वाय-फायचा राउटर ही अशीच एक वस्तू आहे.

तारेतून घरात आलेले इंटरनेट राउटर बिनतारी लहरींनी घरभर पसरवतो. 1999 साली आलेल्या एका प्रकारच्या वाय-फायचा कमाल वेग सेकंदाला 11 मेगाबिट होता. 2003 साली तो 54 झाला. पुढे इतके प्रकार निघाले की त्यांची अवघड नावे कुणाच्या ध्यानात राहीनात. म्हणून 2018 साली त्यांना साधे क्रमांक देण्यात आले. वाय-फाय 6 च्या उपकरणांना 2019 पासून आणि वाय-फाय 7 च्या उपकरणांना जानेवारी 2024 पासून प्रमाणपत्रे मिळू लागली. आठव्यावर काम सुरू आहेच! "नवे येईपर्यंत थांबू" असे म्हणणारा माणूस जन्मभर थांबेल.

मग ठरवायचे कसे? मालेगावातील एका घराचे उदाहरण घेऊ. या घरात वाय-फाय 5 चा राउटर आहे. इंटरनेटची जोडणी सेकंदाला 100 मेगाबिटची आहे. आपा बारावीला आहे. ती वरच्या खोलीत मोबाईलवर विज्ञानाचे पाठ पाहते. पण चित्र सारखे अडकते.

धाकटा भाऊ म्हणाला, "अब्बा, वाय-फाय 7 चा राउटर घेऊ या."

अब्बा यंत्रमागावर काम करतात. अशा राउटरची किंमत म्हणजे त्यांची कित्येक दिवसांची मजुरी. ते म्हणाले, "घेऊ. पण घेतल्यावर आपाचा पाठ अडकणार नाही, हे आधी कळायला हवे."

"मी मोजून पाहते," आपा म्हणाली.

तिने राउटरजवळ बसून वेग मोजला. तो 94 आला. वरच्या खोलीत तो 9 आला. या दोन आकड्यांत सारे उत्तर होते. जोडणीच 100 ची आहे आणि राउटर जवळजवळ तेवढा वेग देतो आहे. त्याहून जास्त वेग नवा राउटर तरी कुठून आणणार? वेग हरवत होता तो वाटेत.

राउटर खालच्या खोलीत, लोखंडी कपाटामागे ठेवला होता. लोखंड लहरींना अडवते. शिवाय 5 गीगाहर्ट्झच्या लहरी जास्त माहिती नेतात, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होतात. 2.4 गीगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात. मात्र त्यांत एकमेकांना न अडणाऱ्या वाटा तीनच. दाट वस्तीच्या मोहल्ल्यात सगळ्यांचे राउटर त्याच तीन वाटांवर गर्दी करतात.

अब्बांनी तार लांबवून राउटर जिन्यात उंचावर बसवला. वरच्या खोलीतला वेग 60 झाला. खर्च झाला तो फक्त तारेचा.

भाऊ मात्र हटला नाही. "मग हा राउटर कायमचाच वापरायचा?"

त्याचा प्रश्न योग्य होता. राउटरमध्येही एक प्रोग्राम असतो. त्यातील दोष सापडले की कंपनी सुधारणा पाठवते. त्या बंद झाल्या की घराचे दार नीट लागत नाही असे समजा, मग वेग कितीही चांगला असो. माझ्या मते राउटर बदलण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि लोक त्याकडेच सर्वांत कमी पाहतात.

आपाने कंपनीच्या संकेतस्थळावर पाहिले. त्यांच्या राउटरला आणखी एक वर्ष सुधारणा मिळणार होत्या.

"तर मग एक वर्ष थांबू," अब्बा म्हणाले. "तोवर थोडे थोडे पैसे बाजूला टाकू."

"आणि तेव्हा 7 चा घेऊ ना?"

"घरातले सगळे मोबाईल वाय-फाय 5 चे आहेत," आपा हसून म्हणाली. "तेव्हा 6 चाही पुरेल."

शब्दार्थ
बिनतारी – तारेशिवाय चालणारे
क्षीण होणे – कमजोर होणे
यंत्रमाग – पॉवरलूम

स्वाध्याय
1. आपाने वेग दोन ठिकाणी का मोजला?
2. वाय-फाय 6 चा राउटर पुरेल, असे आपा का म्हणाली?
3. तुमच्या किंवा शेजारच्या घरातील राउटर कोठे ठेवला आहे? ती जागा योग्य आहे का? पाच वाक्ये लिहा.