आधी रजिस्ट्रेशन, मग रंगमंच

प्रश्न: हिंदूराव रुग्णालयात इंटर्नशिप करतोय. ड्यूटी संपली की पावलं मंडी हाउसच्या नाट्यगृहांकडे वळतात. डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा (एनएसडी) फॉर्म भरू की पीजीची तयारी करू?
– एक वाचक, दिल्ली

उत्तर: डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण तुम्हाला कुणी ना कुणी दिलंच असेल. ते १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले, पण तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि पुण्यात, टांझानियात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करून झाली होती. हे सांगायचं लोक सोयीस्कर विसरतात! डॉ. मोहन आगाशे तर ससूनमध्ये मानसोपचार शिकवत नाटक करत राहिले.

इंटर्नशिप पुरी करा, कायमचं रजिस्ट्रेशन हातात घ्या. एनएसडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ. त्यात नाइट ड्यूटी बसत नाही. कर्जाचा हप्ता कधी सुरू होतो, हे बँकेत जाऊन लेखी विचारा. वर्षभर ज्युनिअर रेसिडेंटची नोकरी करून हप्त्यांची गंगाजळी साठवा आणि संध्याकाळी एखाद्या ग्रुपबरोबर तालमी करा. तिथे पडदे ओढायलाही मजा आली, तर फॉर्म भरा. नुसतं घरच्यांच्या समाधानासाठी पीजीला सर्जरी मात्र घेऊ नका. तालमीला वेळच उरणार नाही.