सॅक घ्या अंगाच्या मापाची

मुक्कामी ट्रेकसाठी सॅक घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरची?" दुसरा येतो, "कितीला पडली?" पाठीची लांबी किती, हे सहसा कुणी विचारत नाही. उंच, रुंद खांद्यांच्या माणसाचं त्यावाचून फारसं अडतही नाही, कारण बाजारातल्या बहुतेक सॅक त्याच्याच अंगावर बेतलेल्या असतात. अडतं ते माझ्यासारखीचं. उंची चार फूट अकरा इंच, वजन ४५ किलो, खांदे अरुंद. अशा अंगावर भलत्या मापाची सॅक चढली की काय होतं ते मी भोगलंय, म्हणून हे चार शब्द.

माझी पहिली मोठी सॅक अमेरिकेहून आली. तिकडे राहणाऱ्या मामेभावाने हौसेने आणलेली, शिकाऱ्यांसाठी बनवलेली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे असली सॅक इथे सहसा बघायलाही मिळत नाही. तिकडे मोठं हरीण मारलं की त्याचं मांस पाठीवर लादून रानातून चालत आणावं लागतं. म्हणून या सॅकला मागे भक्कम सांगाडा असतो, आणि सांगाडा व पिशवी यांच्यामध्ये मांस बांधायला वेगळी जागा. वस्तू एकदम दणकट. फक्त ती सहा फुटी गड्याच्या मापाने केलेली. बोईसरजवळच्या नवापूरला घरी चढवून दाखवली तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. रिकामी सॅक कुणाच्याही पाठीवर शोभते.

तिने खरा रंग दाखवला तो अशेरीगडावर. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या खडकोना गावातून वाट वर जाते. गडावर अशेरीदेवीची गुहा आहे, तिथे मुक्काम करायचा होता. स्लीपिंग बॅग, पाणी, शिधा असं सगळं पाठीवर. चढ लागला तसा मी कमरेचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. दोन्ही बाजूंच्या गाद्या पोटावर एकमेकींना भिडल्या, तरी पट्टा सैलच! तो घसरून खाली बसला आणि सगळा भार खांद्यांवर आला. खांद्यांचे पट्टे माझ्या खांद्यांपेक्षा लांब अंतरावर शिवलेले. ते सारखे दंडावर उतरायचे, म्हणून दोन्ही अंगठ्यांनी आत ओढून धरत चालले. थोड्या वेळाने बोटांना मुंग्या यायला लागल्या. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा हासळीच्या हाडाखालून जातात. पट्ट्याने त्या दाबल्या गेल्या की हात बधिरतो. हा दाब फार वेळ राहिला तर हातातलं बळही काही काळ जाऊ शकतं. डॉक्टरांच्या भाषेत याला 'रकसॅक पाल्सी' असं नावच आहे.

पुढे कातळटप्प्यावर लोखंडी शिडी आहे. शिडी चढताना मान वर करावीच लागते. माझ्या सॅकचा सांगाडा डोक्याच्याही वर चार बोटं गेलेला. मान मागे नेली की केसांचा क्लचर त्यावर आपटायचा आणि डोकं पुन्हा पुढे ढकललं जायचं. पुढची पायरी न बघता हाताने चाचपत चढले. वरून लीडर म्हणाला, "ताई, झेपत नसेल तर सॅक दुसऱ्या कुणाकडे द्या." दिली. रात्री गुहेत पडल्या पडल्या डोक्यात तेच घोळत होतं, की आपल्याला ओझं झेपत नाही.

नवापूरच्या बाईने असं मानून घ्यावं, हे नवलच. आमच्या किनाऱ्यावर मासळीची भरली पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या बायका काही माझ्याहून धिप्पाड नसतात. पाटीखाली चुंबळ असते. भार मानेच्या सरळ रेषेत कण्यावर येतो आणि कमरेतून पायांत उतरतो. सॅकचा कमरेचा पट्टा म्हणजे ट्रेकरची चुंबळच. तो जागेवर बसला तर वजनाचा मोठा हिस्सा, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त, कंबर घेते. खांद्यांकडे उरतं ते सॅक पाठीशी धरून ठेवण्याचं काम. पट्टा जागेवर नसेल तर चार किलोही छळतात.

तेव्हा दुकानात जाण्याआधी घरी माप घ्या. शिंप्याकडे असते तशी टेप हवी आणि मदतीला कुणीतरी. हनुवटी छातीला टेकवली की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो. माप तिथून सुरू करायचं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. हाताला हाडाची जी कड लागते, त्या उंचीवर दोन अंगठे जोडणारी रेघ पाठीवर कल्पा. मणक्यापासून त्या रेघेपर्यंत, पाठीच्या वळणावरून टेप धरून, जे भरेल ती तुमच्या पाठीची लांबी. माझी १५ इंच भरली. बऱ्याच कंपन्यांच्या मापात ही 'एक्स्ट्रा स्मॉल' होते. यात उंचीवर जाऊ नका. उंच बाईची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात, बुटकीचं उलटही असतं. मामेभावाच्या सॅकची पाठ माझ्यापेक्षा चांगली वीतभर लांब होती. ती मला कशीही बसणार नव्हती.

आता दुकानात काय बघायचं? रिकामी सॅक घालून आरशात बघणं बिनकामाचं. सात-आठ किलो वजन आत भरायला सांगा. चांगल्या दुकानात त्यासाठी वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, नसतील तर पाण्याच्या बाटल्या भरा. सगळे पट्टे आधी सैल करा. पहिल्यांदा कमरेचा पट्टा, तोही पोटावर नाही, हाडाच्या कडेवर. कड गादीच्या मधोमध यायला हवी. पट्टा आवळल्यावर पुढे दोन्ही गाद्यांच्या मध्ये चार बोटं तरी जागा उरली पाहिजे. गाद्या भिडत असतील तर ती सॅक तिथेच खाली ठेवा. दुकानदार "नंतर सैल-घट्ट करता येईल" म्हणेल. आवळायला जागाच उरली नाही, तर नंतर काय करणार?

मग खांद्यांचे पट्टे. ते खांद्याला सगळीकडून चिकटून बसावेत, वर पोकळी नको, काखेत काचायला नको. वरच्या बाजूला दोन लहान पट्ट्या असतात, ट्रेकर त्यांना लोड लिफ्टर म्हणतात. त्या खांद्यावरून सॅककडे तिरक्या वर गेल्या पाहिजेत. आडव्या किंवा खाली उतरत्या दिसल्या तर माप चुकलं. शेवटी छातीचा पट्टा. तो वरखाली सरकणारा हवा, हासळीच्या खाली दोन बोटांवर लावायचा आणि पूर्ण श्वास घेता येईल इतकाच आवळायचा. एवढं झालं की वर बघा. डोकं सॅकला आपटतं का? गुडघा पोटाशी आणा, पट्टा मांडीला अडतो का? दुकानाचा जिना चढा-उतरा, पंधरा-वीस मिनिटं अंगावर ठेवून फिरा. लाज धरू नका, दुकानदाराला याची सवय असते.

स्त्रियांसाठी म्हणून ज्या सॅक येतात त्यांत पाठ आखूड, खांद्यांचे पट्टे जवळ आणि छातीच्या बाजूने वळण घेणारे, कमरेचा पट्टा कंबरेच्या उताराप्रमाणे तिरका असतो. डॉयटरची 'एसएल' मालिका, ऑस्प्रेची 'ऑरा', डिकॅथलॉनच्या फोरक्लाझमधल्या महिलांच्या सॅक ही ओळखीची नावं. पण नुसती जांभळी-गुलाबी केली म्हणून सॅक बायकांची होत नाही, आणि काहींना पुरुषांच्या सॅकचं लहान मापही छान बसतं. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी सॅक घेणार असाल तर तिचं सगळ्यात लहान माप किती, ते विचारा. मुलांची सॅक घ्यायचा सल्लाही मिळतो. तिचा कमरेचा पट्टा बाईच्या कंबरेला बहुधा पुरत नाही.

बोईसरमध्ये राहून ऑनलाइन मागवणं सोपं वाटतं. मागवा, पण परत घेण्याची सोय असलेलीच. आली की लेबल न काढता घरातला तांदूळ भरून वरच्या सगळ्या कसोट्या लावा. बक्कल तुटलं, छातीचा पट्टा नाही, पट्ट्याचं टोक लांब लोंबतं, असल्या गोष्टी बॅगा शिवणारा करून देईल. सांगाड्याची लांबी मात्र कुणालाच कमी करता येत नाही.

काही गोष्टी पुरुष लीडरला सुचत नाहीत, म्हणून सांगते. सलवारीच्या नाडीची गाठ किंवा जीन्सचं बटण कमरेच्या पट्ट्याखाली आलं की दोन तासांत कातडी सोलवटते. इलॅस्टिकची ट्रॅक पँट बरी. ब्राच्या पट्टीची कडी सॅकच्या पट्ट्याखाली आली तर तिथे निळा डाग पडतो, म्हणून रुंद पट्टीची, कडी नसलेली घाला. अंबाडा आणि क्लचर नको, खाली सैल वेणी घाला. पाळीच्या दिवसांत ओटीपोट दुखतं तेव्हा पट्टा हाडावर आहे ना, हे पुन्हा बघा. तो पोटावर चढला असेल तर त्रास वाढतो.

आणि वजन. मुक्कामाला शरीराच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा ही वरची मर्यादा धरा. ४५ किलोच्या बाईला नऊ किलो, त्यात सॅकचं स्वतःचं वजनही आलं. मोठ्या सॅक रिकाम्याच दोन-अडीच किलोंच्या असतात. आपल्याकडच्या दमट हवेत तीन लिटर पाणी हवं, म्हणजे आणखी तीन किलो. उरतात चारच. म्हणून सामायिक सामानाची वाटणी माणशी सारखी होऊ देऊ नका, वजनाच्या मानाने करायला सांगा. जड वस्तू पाठीला लागून, मध्यावर भरा. तळाशी स्लीपिंग बॅग.

नवी सॅक थेट मुक्कामाला नेऊ नका. आधी भरून किनाऱ्यावरच्या मऊ वाळूत फिरा, मग पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून काळदुर्ग करा. अर्ध्या दिवसाचा चढ-उतार पुरेसा आहे. घरी आल्यावर खांद्यांवर आणि कमरेवर वळ कुठे उठलेत ते बघा. खांदे लाल आणि कंबर कोरी असेल, तर भार अजून खांद्यांवरच आहे.

आता मीही कधी कधी गट घेऊन जाते. चढावर एखादी मुलगी मागे पडली की तिची सॅक दुसऱ्याच्या पाठीवर देण्याआधी मी तिला थांबवते आणि कमरेचा पट्टा हाडावर आणून पुन्हा आवळते. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं, आणि सॅक तिच्याच पाठीवरून गडावर पोचते.