स्वयंसेवेतील अध्ययन आणि ‘युथपास’

औपचारिक शिक्षणाबाहेर संपादन केलेली कौशल्ये इतरांस कशी दाखवावीत? युरोपीय संघाने २००७ मध्ये सुरू केलेले ‘युथपास’ प्रमाणपत्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. परदेशात स्वयंसेवा केलेला तरुण आपण काय शिकलो हे आठ मूलभूत क्षमतांच्या आधारे स्वतः लिहितो. संस्था त्याच्या सहभागास दुजोरा देते. येथे गुण नाहीत, श्रेणीही नाही. त्यामुळे सारा भार वर्णनावर पडतो. ‘संवादकौशल्य वाढले’ हे विधान पोकळच. ‘वृद्धाश्रमातील आजींना मोडक्या जर्मनमध्ये वृत्तपत्र वाचून दाखविले, त्यांनी सुधारलेले उच्चार वहीत टिपले’ यातून मात्र क्षमता दिसते. अर्थात, नोकरी देणाऱ्यावर ते मानण्याचे बंधन नाही.

स्वयं-अध्ययन : आपण विनावेतन केलेल्या एखाद्या कामाचे असे वर्णन पाच वाक्यांत करा.