रेराचा नंबर राज्याची हद्द ओलांडत नाही

ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात जागांच्या दलालीवर घर चालवणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. इथला धंदा मंदावला की त्यांची नजर उंबरगाव-वापीच्या प्लॉटांकडे किंवा गोव्याच्या फ्लॅटांकडे जाते. मग विचारणा होते : महारेराचे सर्टिफिकेट त्या राज्यात ट्रान्सफर करून मिळते का? मिळत नाही.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम ९ प्रमाणे एजंटाला एकच नोंदणी मिळते आणि ती पूर्ण राज्यासाठी असते. कल्याणच्या एजंटाला त्याच नंबरावर नागपूर, कोल्हापूर, अगदी घोलवडचीही जागा विकता येईल. पण घोलवडच्या पुढे उंबरगाव, म्हणजे गुजरात. तिथल्या नोंदणीकृत प्रकल्पासाठी गुजरात रेराकडे नवा अर्ज, नवे शुल्क, नवा नंबर. महाराष्ट्राचा नंबर तसाच राहतो, दुसरा वेगळा घ्यावा लागतो. अमेरिकेतही हे लायसन्स राज्याराज्यांचे असते. पण फ्लोरिडासारख्या राज्याने जॉर्जिया वगैरे काही राज्यांशी करार केले आहेत, त्यामुळे तिकडच्या एजंटाला फ्लोरिडाच्या कायद्यापुरती छोटी परीक्षा पुरते. आपल्या कायद्यात अशी सवलत नाही.

“आम्ही विकत नाही, फक्त पार्टीची गाठ घालून देतो,” असे पुष्कळजण म्हणतात. ही पळवाट चालणार नाही. मोबदला घेऊन कोणत्याही माध्यमातून खरेदीदार व विक्रेत्याची ओळख करून देणाराही कायद्याच्या व्याख्येत एजंटच आहे. मोबाईलवरून नुसता फोटो पाठवून कमिशन घेतले तरी तेच. भाड्याच्या खोल्या दाखवणाऱ्याला मात्र हे कलम लागत नाही, कारण ते खरेदी-विक्रीपुरते आहे.

दंडाचा हिशेब करून पाहावा. कलम ६२ प्रमाणे नोंदणीशिवाय काम केल्यास दररोज १० हजार रुपये, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. समजा ४० लाखांचा फ्लॅट विकला आणि २ टक्के दलाली ठरली, तर हाती ८० हजार येतील. दंड २ लाखांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय बिल्डरने दलाली बुडवली तर? कायद्याने मनाई केलेल्या कामाचा मोबदला कोर्टात मागताना १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३ आडवे येईल, असे आम्हाला वाटते.

दुसऱ्या राज्याचा नंबर मिळाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. प्रकल्पाचा नंबर असला तरी कागद तपासावेच लागतात. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींचे प्रकरण सर्वांना माहीत आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तिथे महारेराचे नंबर मिळवले गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबे तिथे राहत होती. महापालिकेत ओळखीपाळखी असलेल्या आपल्या गावात हे घडले. परक्या गावी, परक्या भाषेतल्या सातबाऱ्यावर आपण कुणाच्या भरवशावर सही करायला लावणार? तिथला एखादा वकील आधी गाठावा, त्याची फी दलालीतून गेली तरी चालेल.

अर्जापूर्वी त्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी पाहाव्यात : शुल्क किती, तिथला व्यवसायाचा पत्ता लागतो का, आणि परीक्षा आहे का. महाराष्ट्रात २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची झाली; दुसऱ्या राज्यात नियम वेगळा असू शकतो. आधीच्या नोंदणीबद्दल विचारल्यास लपवू नये. नंबर मिळाला की प्रत्येक व्यवहारात तो लिहावा.

जीएसटीची गोष्ट निराळी. ठाण्याच्या ऑफिसातून गुजरातच्या जागेची दलाली केली, तर सेवेचे ठिकाण जागा जिथे आहे ते धरतात. म्हणून जीएसटी नोंदणी असलेल्याने बिलात आयजीएसटी लावायचा, सीजीएसटी-एसजीएसटी नव्हे.