जुन्या फायली आणि त्यांची तारीख

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज आपले प्रकल्प, मुलाखतींची टिपणे, गावोगावी उतरवून घेतलेल्या ओव्या, सारे संगणकातच साठते. आणि साठा वाढला की जुने ते आवळून ठेवावे लागते. हे काम दर महिन्याला हाताने करण्याऐवजी आज्ञा एकदाच लिहून ठेवता येतात. अशा लेखी आज्ञांना स्क्रिप्ट म्हणतात.

लिनक्स प्रणालीत त्यासाठी दोन आज्ञा पुरतात: फायली शोधणारी 'फाइंड' आणि त्या आवळणारी 'जीझिप'. जीझिप १९९२ साली निघाली. तिच्या मुळाशी लेम्पेल व झिव्ह यांची १९७७ ची कल्पना आहे: मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता मागच्या जागेची खूण ठेवायची. ओव्यांत तेच शब्द वारंवार येतात, म्हणून त्या छान आवळल्या जातात. जेपेग छायाचित्रे मुळातच आवळलेली असतात. तेथे फारसे हाती लागत नाही.

आता तारखेकडे वळू. आमच्या घरी कागदांसाठी पत्र्याची पेटी आहे. वरचा कागद नवा, तळाचा जुना, एवढाच तिचा हिशेब. (या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच, पेटीत आता माझ्या गुणपत्रिकाही आहेत.) फाइंडला 'एमटाइम अधिक ३०' असे सांगितले की मजकुरात शेवटचा बदल होऊन किती दिवस झाले, ते ती पाहते. येथे एक मेख आहे. ती पूर्ण चोवीस तासांचेच दिवस धरते, वरचे तास सोडून देते. त्यामुळे तीस दिवस वीस तासांची फाईल सुटते. एकतीस दिवस भरले तरच ती सापडते.

याहून मोठी अडचण म्हणजे ही तारीख मजकुराचे वय सांगत नाही. २००९ साली लिहिलेली मुलाखत आज साध्या 'सीपी' आज्ञेने उतरवली, तर प्रतीवर आजची तारीख पडते. 'सीपी'ला 'पी' हा पर्याय जोडला, तर मूळ तारीख टिकते. शिवाय दोन महिने कोणी हात लावला नाही, म्हणून फाईल निरुपयोगी ठरते काय? ते माणसानेच ठरवावे. यासाठी फाइंडला आधी केवळ यादी छापू द्यावी आणि ती डोळ्यांखालून घालावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कारण जीझिप आवळलेली फाईल ठेवते आणि मूळची काढून टाकते. मूळही हवी असल्यास 'के' हा पर्याय द्यावा, आणि 'टी' पर्यायाने आवळलेली फाईल शाबूत आहे ना, हे तपासून घ्यावे. 'आजीच्या ओव्या' असे मधे जागा सोडलेले नाव दुसऱ्या आज्ञेकडे जाताना तुटून दोन नावे होऊ शकतात; फाइंडच्याच 'एक्झेक' पर्यायातून जीझिप चालवली, तर नाव अखंड राहते. आवळलेल्या फायलींत एखादी ओळ शोधायची झाली, तर त्या पुन्हा मोकळ्या करण्याचे कारण नाही. 'झेडग्रेप' ती आतल्या आत शोधून देते.