राखणीच्या कुत्र्यासाठी डॉक्टर निवडताना



गाई-म्हशीचा डॉक्टर ठरलेला असतो. कुत्रं आजारी पडलं की मात्र आपली धावपळ होते. वाशी, पनवेलला खासगी दवाखाने आहेत. डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. एवढं बघा:

1️⃣ नोंदणी : बी.व्ही.एस्सी. पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. विचारायला लाजू नका.

2️⃣ तपासणी : वजन, ताप बघून मगच इंजेक्शन देणारा डॉक्टर चांगला. औषधाचा डोस वजनावर ठरतो.

3️⃣ लस : रेबीजची लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवलेली हवी. बाटलीवरची मुदत बघा, स्टिकर कार्डावर लावून घ्या. पिल्लू 3 महिन्यांचं झालं की पहिला डोस. पुढच्या तारखा लिहून घ्या.

4️⃣ रात्रीची सोय : रात्री फोन उचलतात का, नाहीतर कुठे पाठवतात, हे आजच विचारा.

⚠️ कुत्र्याने उंदराचं औषध किंवा कीटकनाशक खाल्लं तर पाकीट सोबत न्या. उतारा त्यातल्या घटकावर ठरतो. माणसाची ब्रुफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो, किडनी निकामी होते.

⚠️ कुत्रं माणसाला चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही. लस वेळेत घेतली तर वाचतो.

लसीचं कार्ड आजच काढून बघा. तारीख उलटली असेल तर उद्याच दवाखाना गाठा.